भेटी पोचवणाऱ्या मावशी

"रडून राहिली काऊन वं? गिफ्ट मॅडमले द्याचं हाय, घरी नाही न्याचं!"

शाळेचा शेवटचा दिवस होता. नर्सरीतली एक मुलगी हातातलं पुडकं सोडत नव्हती आणि आमच्या मदतनीस मावशी फाटकापाशी तिला दटावत होत्या. दटावता दटावता पदराने तिचं नाकही पुसत होत्या.

मायाही त्या रागावूनच करतात. मी नवी शिक्षिका होते तेव्हा पहिल्या पालकसभेत माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा दारातून त्याच ओरडल्या, "मॅडमचा गळा बसला हाय, एकेक जण या!" मग हे खोटं उघडं पडू नये म्हणून दुपारभर त्यांनी मला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.

आज मावशी मुलांनी मॅडमसाठी आणलेल्या भेटी स्टाफरूममध्ये पोचवत होत्या. गोंदियाहून आणलेली, चमकत्या कागदात बांधलेली साडी मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती काखेत मारली आणि विचारलं, "हे कोणत्या मॅडमले द्याचं?"

सगळ्या मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. तरी मी मोठ्याने म्हणाले, "कोणत्याच नाही, मावशी. ही तुमची आहे."