भिंतीत मुरणारे वॅट

कारखान्यात सगळे तिला धसकाताई म्हणत. हीटर, इस्त्र्या, गिझर दुरुस्त करायचं तिचं काम. एखादी इस्त्री बरी झाली तरी ती पुन्हा एकदा तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. घरातून निघताना गॅसची कळ बघायची, जिना उतरायची आणि परत वर येऊन बघायची. मागे एकदा जळका वास आला म्हणून तिनं घरातल्या सगळ्यांना ताटावरून उठवून बाहेर काढलं होतं. शेजारच्या काकूंचं दूध करपलं होतं, एवढंच. तेव्हापासून नवरा काही झालं की म्हणायचा, "काढू का सगळ्यांना बाहेर?"

त्या हिवाळ्यात सासूबाईंची फुफ्फुसं थकली. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजनचं मशीन लावून दिलं. ते पलंगाशेजारी दिवसरात्र घरघरत असे आणि त्याची नळी सासूबाईंच्या नाकाशी. थंडी सोसत नाही म्हणून त्याच प्लगच्या पट्टीवर हीटरही होता.

एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "अगं, हीटर लावला की ह्या मशीनचा आवाज बसतो. माणसाचा बसतो तसा."

नवरा पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "आई, तूही हिच्या वळणावर जाऊ नकोस हं."

पण धसकाताई तोवर उठलीच होती. तिनं कारखान्यातून आणलेला मीटर काढला. हीटर आणि मशीन दोन्ही चालू असताना बाहेरच्या मुख्य बोर्डावर दोनशे तीस व्होल्ट होते. पलंगाजवळच्या प्लगवर दोनशे आठ. मीटरचा चिमटा तारेला लावला, तर दहा अँपिअर.

ती उभ्या उभ्याच पुटपुटू लागली. बोर्डापासून प्लगपर्यंत येता येता बावीस व्होल्ट गळत होते. बावीसला दहानं भागलं की वाटेत विजेला होणारा रोध, दोन पूर्णांक दोन ओहम. इतक्या छोट्या अंतराच्या चांगल्या तांब्याच्या तारेत तो याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नसतो. आणि बावीस गुणिले दहा म्हणजे दोनशे वीस वॅट. एवढी वीज हीटरला मिळत नव्हती, मशीनलाही नाही. ती भिंतीतच कुठेतरी नुसती तापत होती. तारांना डाग द्यायच्या सोल्डरिंगच्या चार-पाच तापलेल्या सळया एकाच जागी ठेवाव्यात तशी.

तिनं झटकन हीटर बंद केला.

"अगं, थंडी वाजतेय," सासूबाई म्हणाल्या.

"दोन गोधड्या घालते आई. हीटर नको."

"आता काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं भिंतीकडे पाहिलं. भिंत नेहमीसारखीच, पिवळसर, गप्प. "मीटरची बॅटरी उतरली असेल," तो म्हणाला.

तिलाही तसंच असावंसं वाटत होतं. तिनं बॅटरी बदलून पुन्हा मोजलं. आता एकटं मशीन चालू होतं, दोनच अँपिअर घेणारं, म्हणून गळती साडेचार व्होल्टवर आली होती. दोनाने भागलं तर रोध जवळपास तेवढाच. वॅट मात्र नऊच. प्रवाह पाचपट कमी झाला की उष्णता पंचवीसपट उतरते, हे तिला पाठ होतं. तेवढाच जिवाला दिलासा. पण मशीन बंद करता येत नव्हतं, आणि ते चालू होतं तोवर ती जागा थोडी का होईना, तापतच होती.

तिनं मीटरला लांब तार जोडली. बोर्डापासून दारावरच्या, तारा जोडायच्या डबीपर्यंत अर्धा व्होल्टही गळत नव्हता. दारावरच्या डबीपासून प्लगपर्यंत मात्र बाकीचे सगळे चार. या दोघांच्या मधे एकच डबी होती, लाकडी कपाटामागे. कपाट अंथरुणांनी ठासून भरलेलं, आणि त्याला लागूनच सासूबाईंची उशी.

"जरा हात लावा," ती नवऱ्याला म्हणाली. या वेळी तो पेपर टाकून उठला.

कपाट सरकलं. पाठीच्या प्लायवर तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता, मधोमध काळा. नवऱ्यानं डबीच्या झाकणाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"काकूंकडून लांब वायर आणा," ती म्हणाली. "मशीन त्यांच्या घरच्या विजेवर चालवू. मग इथली बंद करते."

वायर आली. आता एक प्लग काढून दुसऱ्यात घालायचा, एवढंच. पण तेवढ्या वेळात सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि मशीनची घरघर थांबल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती तिला कधीच विसरता आली नाही. मग घरघर पुन्हा सुरू झाली.

तिनं मुख्य कळ पाडली, मीटरनं खात्री केली, पुन्हा केली, आणि डबी उघडली. कुणी कारागिरानं दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली होती. टेप कोळशासारखी हातात चुरली. पिळा इतका सैल, की ओढताच सुटला. तिनं जळका भाग कापला, तारा नीट सोलून पितळी जोडणीत स्क्रूनं आवळल्या, ओढून पाहिल्या.

वीज आली. मशीन पुन्हा घरच्या प्लगवर, हीटरही चालू. गळती दोनच व्होल्ट, तीही सबंध तारेवर पसरलेली.

नवरा कपाटाच्या पाठीवरच्या डागावरून अंगठा फिरवू लागला. "मी हसत होतो," एवढंच म्हणाला, आणि चहा टाकायला आत गेला.

धसकाताई भिंतीला टेकून खाली बसली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी थांबेना.

"अगं वेडे, सगळं निस्तरलं की," सासूबाई गोधडीतून म्हणाल्या. "आता कशाला रडतेस?"

"मघाशी सवड कुठे होती आई," ती म्हणाली.