किडनी काढल्यानंतरचं वर्ष

पित्ताच्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे निघाले नाहीत, डाव्या किडनीवर गाठ निघाली. ती कॅन्सरची होती. महिन्याभरात किडनी काढली. शाळेतून निवृत्त होऊन मला तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

टाके काढायच्या दिवशी रिपोर्ट आला. सर्जन म्हणाले, "गाठ किडनीच्या आतच होती. अशा बहुतेक पेशंटचं पुढे चांगलं चालतं."

मी आयुष्यभर गणित शिकवलेलं. "बहुतेक म्हणजे किती?"

"बाई, आकडा कळला तर उद्या सकाळी तुम्ही वेगळं काय करणार आहात?"

मला राग आला होता, पण भांडायलाही पोटात जोर लागतो.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर मांजरी गावच्या एक बाई होत्या. त्यांचंही तेच ऑपरेशन, पण गाठ मोठ्या शिरेत शिरलेली. डॉक्टर त्यांच्या मुलाला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगत होते, ते त्यांनी ऐकलं होतं. "माझं काय खरं न्हाई, बाई," त्या मला म्हणाल्या, "तुमचं मात्र बेस हाय." मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

विश्रांतवाडीत घरी आल्यावर सोसायटीतली माणसं भेटायला येत. "सुटलात हो!" म्हणत. मी हसायची. जिन्याच्या बारा पायऱ्या चढून झाले की कठड्याला धरून उभी राहायची. मिस्टर म्हणायचे, "कुणी विचारलं तर सांग, नजारा बघतेय." समोर पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं.

वर्षाने माझा आणि त्या मांजरीच्या बाईंचा स्कॅन एकाच दिवशी आला. त्यांचा स्वच्छ. माझ्या उजव्या फुफ्फुसावर बारीक ठिपका.

"जुना डागही असेल," सर्जन म्हणाले. "इतक्या लहान ठिपक्यावरून काही सांगता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

बाहेर बाकावर त्या थांबल्या होत्या. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं कसं वो? तुमचं तर आतल्या आत हुतं." जणू त्यांनीच माझं काही उचलून नेलं होतं. मी त्यांचा हात धरला. त्या दिवशी आम्हा दोघींनाही आनंद करता आला नाही.

ते तीन महिने मी घाबरले असं सगळ्यांना वाटायचं. घाबरले पहिले आठ दिवस. नंतर नुसता शीण. भाजी निवडताना शीण, फोन उचलताना शीण. मुलगी हिंजवडीहून रोज विचारायची, "आई, कशी आहेस?" एकदा मी म्हणाले, "अगं, हा प्रश्न एक दिवस विचारू नकोस." ती रडली. मग मीच तिची समजूत घातली. तेही काम माझ्याकडेच.

ठिपका होता तेवढाच निघाला.

"चांगलं आहे," सर्जन म्हणाले. "आता सहा महिन्यांनी या."

मांजरीच्या बाईंना फोन करून कळवलं. त्या मोठ्याने हसल्या. "आता जेवा पोटभर," म्हणाल्या.

घरी येऊन मी चपला न काढताच सोफ्यावर आडवी झाले. मिस्टरांनी कुकर लावला. "अहो, शिट्ट्या मोजा," मी म्हणाले. त्यांनी काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही. मला झोप लागली होती.