खोलीवरून वाचलेली बातमी
नव्या गोणपाटाचा वास आला की, मुलांनो, मला नंदुरबारची ती अंधारी खोली आठवते. त्रेचाळीस साली तिकडे बंगालात माणसं भुकेनं रस्त्यावर मरत होती, आणि इकडे माझ्या सासऱ्यांनी भाव चढण्याची वाट पाहत ज्वारीची पोती माझ्या खोलीत रचली होती, पार खिडकी बुजेपर्यंत. दिवसाही मला दिवा लागे. आमच्या मारवाडी घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. पण वाचणं म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून घरात एकटीच इंग्रजी शिकलेली मी रोज संध्याकाळी पडद्याआडून इंग्रजी पेपर मराठीत वाचून दाखवी. मग ओट्यावर ऐकत बसलेल्यांत दुष्काळ कशानं पडला यावर वाद पेटे. “हाई लढाईना पायी व्हयनं,” शेजारचे पाटील म्हणत. “हट! सरकारनी चूक शे,” तेलाचे व्यापारी म्हणत. एकदा सासरेच हसून म्हणाले, “भांडता कशाला? पेपरात काय कारण दिलंय ते सूनबाई वाचेल.” त्या दिवशी पेपरात कारण दिलंच नव्हतं. तरी वाचायच्याच सुरात मी म्हटलं, “व्यापाऱ्यांनी धान्य इतकं कोंडून ठेवलं आहे, की घरातल्या सुनांच्या खिडक्याही बुजल्या आहेत.” मग पाटील म्हणाले, “पेपरवाला तुमना घरमा यी गया का काय, शेठ?” कुणीच हसलं नाही. “पुरे,” सासरे म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पेपर बंद झाला. पोती मात्र हलली नाहीत. तिकडे दूर शिकायला गेलात की तुम्ही त्या दुष्काळाची कारणं पुस्तकांत वाचाल, जरूर वाचा. मी वाचलेलं ते वाक्य मात्र कुठे छापलेलं सापडणार नाही. ते मी माझ्या खोलीवरून वाचलं होतं.