झोपलेलं बोट

होसियतच्या हातात दोयरा कमी आणि उशी जास्त असायची. ती उशी दिसली की माझं डोकं फिरायचं.

आमच्या बुखाऱ्यात बायकांचं लग्नघर दोयऱ्यावर चालतं. आतून कड्या लावलेला तो मोठा डफ डाव्या अंगठ्यावर पेलायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी बोलता करायचा. मी तुहफा उस्तादांच्या ताफ्यात गाते, त्यामुळे मला बोटांचं काही करावं लागत नाही, नशीब माझं. होसियत मात्र त्यांची शिष्या. आणि उस्तादांचा नियम असा, की बोटं तयार होईपर्यंत सराव कातड्यावर नाही, कापूस ठासून भरलेल्या उशीवर.

"कातडं बोटाला उसळी देतं," उस्ताद म्हणायच्या. "काम त्याचं आणि शाबासकी तू घेतेस. कापूस काही परत देत नाही. तिथून बोट उचलून दाखव."

आधी तर्जनी, मग मधलं, मग अनामिका. मनगट हलता कामा नये. मग अनामिका मधल्या बोटाआड अडकवून टिचकीसारखी सोडायची. मग तेच सगळं डाव्या हाताने, अंगठ्यावर कातडं काढलेला जुना जड दोयरा तोलून. दिवस उगवला की हेच, मावळला की पुन्हा हेच. बरं, आवाज तरी यावा? नुसतं थप थप, जसं कुणी गादी झटकतंय.

होसियतचं दुखणं अनामिकेत होतं. पोटासाठी ती जरीकाम करते. जरीचा धागा गुंडाळलेली काठी मुठीत धरून धरून तिचं ते बोट आत वळलं होतं. बाकीची बोटं टणाटण उठायची आणि हे आळशी सुनेसारखं सगळ्यांच्या मागून यायचं.

"अनामिका झोपलीय," उस्ताद म्हणायच्या. पाठमोऱ्या बसून चहा ओतत असायच्या, तरी त्यांना कळायचं.

"उस्ताद, आत्ता तर उठली होती!"

"उठली असेल. तोंड धुवायला गेली असेल. पुन्हा."

हे सगळं कशासाठी, तर दुआसाठी. आमच्यात उस्तादाने चार बायकांसमोर दोन्ही तळहात उघडून दुआ दिल्याशिवाय शिष्येने लग्नात पहिला ठोका द्यायचा नसतो. तोवर मागच्या रांगेत बसून साथ करायची. होसियतचे केस पिकायला लागले तरी ती मागेच. तिच्यानंतर दोयरा धरलेल्या पोरी इतर उस्तादांची दुआ घेऊन पुढे बसू लागल्या आणि वर तिलाच "लय सांभाळा हं, आपा" म्हणून सुनावू लागल्या. दुआच्या दिवशी उस्तादांच्या अंगावर घालायचा जरीचा लांब झगा तिने कधीचा शिवून ठेवला होता. दरवर्षी वसंतात, नवरोजच्या सुमारास त्याला ऊन द्यायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची.

"सोड ना या म्हातारीला," मी म्हणायचे. "दुसरी कुणीही देईल दुआ."

"देईल हो. पण दुसरीला माझी अनामिका ऐकूच येत नाही, आपा."

मी कपाळाला हात लावायचे.

गेल्या शरदात एका सकाळी उस्ताद काही बोलल्याच नाहीत. होसियत बिचकून थांबली.

"थांबलीस का? उठलं ना बोट. शुक्रवारी बायकांना बोलाव."

होसियत माझ्या घरी धावत आली आणि उंबऱ्यातच रडत बसली. आम्ही नान भाजायला टाकले, झगा बाहेर काढला. आणि गुरुवारी उस्तादांच्या हातून चहाची किटली पडली. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ जडावली. हॉस्पिटलातून घरी आणल्या तेव्हा उजव्या हाताची मूठ वळलेली होती, ती उघडेचना. मी खुदाला त्या दिवशी जे बोलले ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

"एका हाताने घे दुआ," बायका म्हणाल्या. "खुदा काय हात मोजतोय?" मीही तेच म्हटलं. उस्तादांनी डावा तळहात वरही केला. होसियतने तो धरून हळूच खाली ठेवला, उशी आणली आणि उस्तादांची वळलेली मूठ तिच्यावर ठेवली.

"तर्जनी," ती म्हणाली.

उस्तादांनी डाव्या हाताने उशी भिरकावली. ती माझ्या चहावर पडली.

सगळा हिवाळा हाच तमाशा. होसियत जरीकाम उरकून यायची, त्यांना दुधातला खारट शिरचाय पाजायची आणि एकेक बोट उलगडत बसायची. उस्तादांना शब्द फुटत नव्हते, पण शिव्या स्वच्छ यायच्या. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

"ना... नाही जमत!"

"कापूस काही परत देत नाही, उस्ताद. पुन्हा."

म्हातारी रडायची आणि ही दुसरीकडे तोंड करून रडायची. मी भिंतीला टेकून दोघींवर चरफडत बसायचे. एका हाताच्या दुआवर काम भागलं असतं की!

नवरोजच्या आधी बायका पुन्हा जमल्या. दस्तरखान अंथरला, गरम नान आले, झगा उस्तादांच्या खांद्यावर चढला. आणि उस्तादांनी दोन्ही हात उचलले. उजवा थरथरत होता, पण आला वर. अंगठा सुटला, तर्जनी उघडली, मधलं बोट, करंगळीसुद्धा. उस्तादांचे ओठ हलले, तेवढ्यात होसियत म्हणाली,

"अनामिका झोपलीय."

बायकांनी तोंडावर हात धरले. ते एक बोट खरंच तळव्याला चिकटलेलं होतं. उस्तादांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग त्या वाकड्या तोंडाने हसल्या.

"तों... तोंड धुवायला गेलीय," त्या म्हणाल्या, आणि डाव्या हाताने त्यांनी स्वतःच उशी जवळ ओढली.

गल्लीत मी होसियतला दंडाला धरून थांबवलं. "अक्कल गहाण टाकलीस का गं? सगळं आयुष्य ज्यासाठी घालवलंस ते समोर आलं होतं! एक बोट! कोण बघत होतं?"

"मी बघत होते."

"अगं पण..."

"आपा, दुआ दिली की त्यांचं शिकवून संपलं. मग त्या हात कशासाठी उचलतील?"

मी तिचा दंड झटकून सोडला. "आणि झगा? तो तिथेच राहिला की."

"असू दे अंगावर, अजून गारठा आहे." तिने ओढणी नीट केली. "रविवारच्या लग्नघरी तेवढं सांगा, मी मागेच बसेन."