रास्त भावाची सही

गृहनिर्माण मंडळाच्या कचेरीत खरेदीच्या बाबूंना सगळे ‘कोटेशन’ म्हणत. साधा नळ गळला तरी तीन दुकानांची कोटेशनं हवीत, हा नियम त्यांनी बावीस वर्षं पाळला आणि बावीस वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडली. भाडेकरू तक्रार घेऊन आले की ते खुर्चीत मागे रेलून म्हणत, माझ्या हातात असतं तर कालच करून टाकलं असतं. लोकांनाही पटे. बिचारा भला माणूस, नियमांनी जखडलाय.

मग एका सोमवारी परिपत्रक आलं. किरकोळ दुरुस्ती बाबूंनी थेट एकाच दुकानातून करून घ्यावी. फक्त ‘भाव रास्त आहे’ असं लिहून खाली सही करायची.

बाबूंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. रास्त म्हणजे नेमकं काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि सही मात्र त्यांची एकट्याची.

त्याच आठवड्यात चार नंबरच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. दाराचं एक चाक झिजलं होतं. मेकॅनिक म्हणाला, हे एकाच दुकानात मिळतं, दोन तासांचं काम आहे. बाबूंनी वरिष्ठांना विचारलं. अधिकार तुमचाच, असं वरिष्ठांनी हसतमुखाने सांगितलं. मग बाबूंनी, कुणीही न मागता, तीन कोटेशनं मागवली. दोन दुकानांनी ‘आमच्याकडे हा माल नाही’ असं कळवलं. तेही त्यांनी फाइलला नीट लावलं. यात बारा दिवस गेले.

शेवटी त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणारी त्यांची थोरली बहीण काठी टेकत, जिना उतरून कचेरीत आली. धापा टाकत ती समोरच्या खुर्चीत बसली. बाबू पाणी पुढे करून तिला नियम समजावू लागले.

“नियम बदललाय. खाली फळ्यावर वाचला मी,” ती म्हणाली. “तुझी बाजू घेऊन शेजाऱ्यांशी भांडले रे इतकी वर्षं. तुला नियम नडत नव्हता. तू त्याच्या आड बसला होतास.”

“ताई, उद्या कुणी बोट दाखवलं तर?”

“आज मी दाखवतेय. कर सही.”

बाबूंनी सही केली. संध्याकाळी लिफ्ट चालू झाली. पुढे ऑडिटवाले आले, तो कागद पाहिला आणि पान उलटलं. वरिष्ठांनी बैठकीत बाबूंच्या धडाडीचं तोंडभरून कौतुक केलं आणि बाकीच्यांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी बाबूंनी बदलीचा अर्ज दिला. जुन्या कागदपत्रांच्या खोलीत जागा रिकामी होती. तिथे काहीच विकत घ्यावं लागत नाही. अर्ज लगेच मंजूर झाला. ताईला त्यांनी सांगितलं, बढती मिळाली.