भाच्याचा सैतान आणि दर्भाचा कावळा

माझा भाचा सैतानाची पूजा करीत नव्हता. हे वाक्य मी पोलीस ठाण्याला लिहून दिले आहे, तहसीलदारांना दिले आहे आणि त्याच्या मृत्यूची बातमी ‘काळ्या शक्तीच्या नादी लागलेला तरुण’ अशा मथळ्याखाली दाखवणाऱ्या मोबाइलवरच्या एका वाहिनीलाही रजिस्टर पोस्टाने कळवले आहे. एकाचेही उत्तर नाही. वाहिनीला पाठवलेला लिफाफा तर पत्त्यावर कोणी राहत नसल्याचा शेरा घेऊन परत आला. बदनामी करायला पत्ता लागत नाही. जाब विचारायचा तर लागतो.

मी दौंडला राहतो. नोकरी रेल्वेत झाली. निवृत्तीनंतरही, आरोपपत्र मिळालेल्या कर्मचाऱ्यांच्या खातेनिहाय चौकशीत त्यांचा बचाव मांडायला मी बसत आलो आहे. माझी धाकटी बहीण शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या वाटेवरच्या एका गावात दिलेली. घोड नदीच्या काठी कांदा आणि शेवंती करणारे घर. मेहुणे लवकर गेले, मागे हा एकच मुलगा. तो कारखान्यात मालाची तपासणी करायचा, पाळीतून सुटल्यावर शेत बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी न्हावरे फाट्यावरून मोटारसायकल हाकत माझ्याकडे यायचा. मला मुलगा नाही, आणि वाद घालायला माणूस लागतो.

असाच एकदा तो काळा टी-शर्ट घालून आला. छातीवर पाच टोकांचा तारा, ताऱ्यात बोकडाचे तोंड.

“हे काय घातले आहेस?”

“टी-शर्ट हाय, मामा.”

“ते दिसते मला. हा बोकड कोण?”

“मीच की,” तो म्हणाला आणि हसत स्वयंपाकघरात चहा टाकायला गेला.

मी संतापलो. देवाधर्माचे मला फारसे अगत्य नाही, पण आईने जन्म देऊन वाढवलेल्या मुलाने स्वतःला बोकड म्हणवून घ्यावे, तेही परदेशी, हे मला सहन होईना. चहा होईपर्यंत मी त्याला बरेच काही बोललो. त्याने कप पुढे केला आणि विचारले, “आरोपी हजर हाय. बाजू ऐकणार का डायरेक्ट बडतर्फ?”

माझ्याच घरात माझ्याच शस्त्राने मारले. मग ऐकणे भाग होते.

त्याने सांगितले ते असे. बोकड हे सैतानाचे चिन्ह, पण सैतानाच्या नावाचा हा धर्म जुना नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, गेल्या शतकाच्या साठच्या दशकात एका माणसाने तो स्थापला. त्याआधी शेकडो वर्षे तिकडे ‘सैतानाचे पूजक’ म्हणून माणसे जाळली गेली, आणि त्यांतली बहुतेक असली कसलीही पूजा करीत नव्हती. शेजाऱ्याची गाय आटली की विधवेचे नाव घ्यायचे, असला प्रकार. पुढे तिकडच्या कवींना स्वर्गाच्या धन्यापुढे मान न वाकवणारा तो बंडखोर आवडू लागला. या संस्थापकाने तोच उचलला आणि म्हटले की देव नाही, सैतानही नाही. हे फक्त चिन्ह आहे. माणूस हा प्राणी आहे, त्याने आपल्या देहाची, भुकेची, अभिमानाची लाज धरू नये. पापाची भीती घालून जो गुडघ्यावर बसवतो त्याला ‘नाही’ म्हणावे.

“म्हणजे नास्तिक. मग सरळ नास्तिक म्हणा. शिंगे कशाला?”

“मामा, तुमच्या युनियनला झेंडा कशाला व्हता? नुसतं ‘आमी कामगार’ म्हणायचं की!”

तो गेल्यावर मी ते सगळे मिळवून वाचले. इंग्रजी माझे कार्यालयीन असले तरी नियम वाचायला पुरते. सांगायला हरकत नाही की त्या संस्थापकाचे पुष्कळसे मला पटले नाही. दुबळ्याविषयी त्याला कणव नाही. जो बळकट त्याने पुढे जावे आणि उरलेल्यांनी आपले पाहावे, असा सूर आहे. हे तत्त्वज्ञान आपल्याकडे कोणत्याही पोथीवाचून, सहकारी संस्थांच्या निवडणुकीत राजरोस पाळले जाते. पण त्याच्याच नियमांत मुलांना इजा करू नका, हल्ल्यापासून बचावासाठी किंवा अन्नासाठी असल्यावाचून जनावर मारू नका, असेही लिहिलेले होते. बळीचा तिथे मागमूस नाही. आणि अलीकडच्या काळात निघालेला दुसरा एक पंथ तर करुणा, न्याय आणि प्रत्येकाचा स्वतःच्या देहावरचा हक्क हीच आपली तत्त्वे सांगतो आणि कोर्टात जातो. सरकारी आवारात एका धर्माची शिळा उभी राहिली, तर आमचीही मूर्ती तिथेच उभी राहील, नाहीतर दोन्ही काढा, असा त्यांचा अर्ज असतो. तो युक्तिवाद मी दोनदा वाचला. असा अर्ज आयुष्यात आपण का केला नाही, याची मला खंत वाटली.

पुढच्या सुट्टीला मी त्याला म्हणालो, “तुझा पहिला पंथ मला नामंजूर. दुसऱ्याविषयी विचार करतो.”

“म्हंजी जामीन मिळाला,” तो म्हणाला.

हे आमच्या दोघांतले होते. गावात त्याने कधी कोणाला शिकवायला घेतले नाही. प्रश्न आला तो आखाडात.

बहिणीच्या शेताच्या बांधावर म्हसोबा आहे, शेंदूर लावलेला दगड. दर आखाडात भावकीतले एक घर त्याला बोकड देते आणि सगळे जेवतात. त्या वर्षी पाळी हिच्या घराची. मी गेलो होतो. भावकी ओट्यावर बसली होती, आणि माझा भाचा शांतपणे सांगत होता, “जेवण घालतो. मटण आनतो, कमी पडू देनार न्हाई. पन म्हसोबा कोपंल म्हणून मी बोकड कापनार न्हाई.”

“मग बाजारातलं दोन किलो देवाला दावतो व्हय रं?” त्याच्या चुलत्याने विचारले. हे चुलते बाजार समितीवर संचालक होऊन गेलेले. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि काढत नाहीत.

“खायला कापलं तर माझं काय म्हननं न्हाई, आप्पा. भिऊन कापायचं नगं.”

“अंगावर बोकडाचं चित्र घालून हिंडतंय,” मागून कोणी तरी म्हणाले, “नातं लागत आसंल, कसा कापंल?”

ओटा हसला. भाचाही हसला. हसली नाही ती माझी बहीण. उंबऱ्यात बसून ती लसूण सोलत होती, आणि तिने एक पाकळी सोलून झाल्यावरही नखाने खरवडणे थांबवले नव्हते.

त्या आखाडात बोकड पडला नाही. जेवण झाले. सगळे जेवले, आप्पांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

दिवाळीनंतर, पाळीवरून घरी येताना, वळणावर बिनदिव्याचा उभा करून ठेवलेला कंटेनर माझ्या भाच्याला दिसला नाही. एवढेच झाले. कंटेनर पळून गेला, आणि गुन्हा ‘अज्ञात वाहनचालका’विरुद्ध दाखल झाला. गावाला मात्र अज्ञात असे काहीच नव्हते. कोण गेले, कशाने गेले, कोणाचे देणे राहिले होते, याचा निकाल चितेच्या आधी लागला होता. रस्त्यावर दिवा का नाही, हे एकाही माणसाने विचारले नाही. ते विचारायला म्हसोबापेक्षा मोठ्या देवांकडे जावे लागते.

दहाव्याला घोडच्या काठी माणसे जमली, पण नातलग खाली घाटावर आणि गाव वर रस्त्याकडेच्या लिंबाखाली, असे दोन भाग पडले. पिंड मांडले गेले. आमच्या भागात दहाव्याला माईक असतो आणि श्रद्धांजलीची भाषणे होतात. आप्पा उठले. मुलगा कष्टाळू होता, आईला सांभाळत होता, असे सगळे सांगून झाल्यावर ते म्हणाले, “पन वाचन चुकलं. भलत्या दैवताच्या नादी लागलं लेकरू.”

मी जाऊन त्यांच्या हातातला माईक घेतला. मी बोललो. कोणतेही दैवत तो मानत नव्हता, ते चिन्ह होते, भीतीने मान वाकवायची नाही एवढाच त्याचा अर्थ होता. आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य घटनेने जसे म्हसोबाच्या भक्ताला दिले आहे तसेच ते माझ्या भाच्यालाही दिले आहे. अनुच्छेद पंचविसावर मी आलो होतो, तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला, “मामा, माईक बंद करा, कावळं बिचकत्यात!”

काही जण तोंडात उपरणे धरून हसले. मी माईक खाली ठेवला.

कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसले होते, एकही उतरेना. ऊन वाढले. अशा वेळी मृताची जी इच्छा राहिली असेल ती पुरी करू, असे नातलगांनी हात जोडून बोलायचे असते. चुलतभाऊ बोलला: आईला सांभाळू. कोणी म्हणाले: विहिरीचे काम पुरे करू. कावळे बाभळीवरच. मग वरून एक जण ओरडला, “बोकडाचं कबूल करा!” आणि पाठोपाठ पाच-सहा जण.

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मामाच्या शब्दाला तिथे वजन असते.

“दादा,” ती म्हणाली, “एक शब्द बोल. त्यो अडाकलाय रं.”

मी हललो नाही. ज्या गोष्टीसाठी तो भर ओट्यावर एकटा पडला, तीच त्याच्या पिंडापुढे माझ्या तोंडून त्याच्या नावावर कबूल करायची? मी म्हणालो, “त्याची ती इच्छा नव्हती. त्याच्या नावाने खोटा जबाब मी देणार नाही.” आजही मी तेच म्हणेन. तिने मान खाली घातली.

बराच वेळ गेला. शेवटी गुरुजींनी चार दर्भ घेतले, मुडपले, गाठ मारली, चोचीसारखे टोक काढले आणि त्या दर्भाच्या कावळ्याने पिंडाला स्पर्श केला. झाले. सगळ्यांनी हात जोडले, लिंबाखालच्यांनीसुद्धा. आप्पांनी चपला घातल्या.

मी दिङ्मूढ होऊन पाहत राहिलो. कायद्यात अशी कलमे असतात: अमुक न घडल्यास ते घडले आहे ‘असे मानण्यात येईल’. माझी हयात त्या शब्दांत गेली. इथे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होते की ते गवत आहे, कावळा नाही. आणि तरी एकानेही गुरुजींना गवताचा पूजक म्हटले नाही. माझ्या भाच्याने बोकडाचे चित्र अंगावर घालून हे फक्त चिन्ह आहे असे सांगितले, तर ते मात्र कोणाला कळण्यासारखे नव्हते. मी तोंड उघडले. मग बहिणीकडे पाहिले आणि मिटले.

कारण ती एकटी अशी होती, जिने हात जोडले नव्हते. वाटेत ती एवढेच म्हणाली, “गवत व्हतं ते, दादा.”

त्यानंतर ती खंगत गेली. रोज सकाळी भिंतीवर भात ठेवायची. कावळे येऊन तो खायचे, पण तिला ते मोजण्यासारखे वाटायचे नाही. घाटावर आले नाहीत ना, असे म्हणायची. शेवंती वेळेवर तोडली गेली नाही, झाडावर काळी पडली. बायका विहिरीवर तिच्याशी बोलत, पण तिच्या घराची पायरी चढत नसत. मी सामाजिक बहिष्काराच्या कायद्याखाली तक्रार तयार केली, कलमांसह, आणि सहीसाठी तिच्यापुढे ठेवली.

तिने कागद न वाचता पालथा घातला. “मला हितंच मरायचंय. माझ्या दहाव्याला मान्सं लागतील. ती काय तुझा कायदा आननार हाय व्हय?”

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कलमात नाही. मी शोधले आहे.

या आखाडात तिने बोकड दिला. मला निरोप आला होता. जाणार नाही असे ठरवले होते, गेलो. बांधाकडे मात्र फिरकलो नाही, ओट्यावर पाठ करून बसलो. गाव जेवायला आले, लिंबाखालचे सगळे आले. पंगत उठली तेव्हा आप्पांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तिचा चेहरा पाहिला. दहाव्यापासून त्यावर बसलेले काहीतरी उतरले होते. मला त्याचा संताप आला आणि अजून आहे. जे मी पुराव्याने, घटनेने, रजिस्टर पोस्टाने करू शकलो नाही, ते एका मुक्या जनावराच्या मानेने झाले.

सगळे गेल्यावर तिने ताट आणून माझ्यापुढे ठेवले, भाकरी आणि रस्सा. शेजारी दुसरे एक ताट वाढले, त्याच्यासाठी. त्याच्या ताटात नळी होती. ती त्याला आवडायची. बहीण समोर बसली.

“दादा, तू शिकल्याला हायस. आता तर सुटला आसंल ना त्यो?”

इतकी वर्षे चौकशीत बसलो. जे माहीत नाही ते माहीत आहे असे मी कधी कोणाकडून वदवले नाही, स्वतः कधी बोललो नाही. आत भिंतीवर खिळ्याला त्याचा काळा टी-शर्ट अजून टांगलेला होता, धुतलेला.

“सुटला,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

तिने पदराने तोंड पुसले आणि माझ्या ताटातली भाकरी मोडून रश्शात घातली, लहान मुलाला घालतात तशी.

“मग जेव,” ती म्हणाली. “निवतंय.”