वायसरकाकांची लॅटिन

रात्रभर वारा नुसता पिसाटला होता. सकाळी तो दमून गप्प बसला तेव्हा गल्लीभर धूळ, वाळकी पानं आणि कुणाचा तरी एकुलता एक मोजा पसरलेला होता. आभाळ मळक्या फडक्यासारखं. अशा सकाळी शहाण्या माणसानं पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यावं. पण वायसरकाका पार्लरवालीच्या बेसिनखाली उताणे पडले होते. तोंडात टॉर्च, हातात पान्हा आणि मानेवर टपटप गार पाणी.

"काका, आटपा ना! बाई येऊन बसल्यात, डोक्याला मेंदी थापलेली आहे त्यांच्या. धुवायची कुठे, तुमच्या छातीवर?"

"ऊं," वायसरकाका म्हणाले. तोंडात टॉर्च असलेला माणूस याहून जास्त काय बोलणार?

त्यांनी पाइपाचा वाक सोडवला, तारेचा आकडा आत घातला आणि ओढला. एखादं मांजर निघावं एवढा मोठा केसांचा बोळा बाहेर आला. तो बादलीत टाकला, वाक परत आवळला आणि मग सवयीनं वरच्या खिशातला तेलकट खडू काढून पाइपावर लिहिलं: क्रीनिस.

पार्लरवाली वाकून बघत होती. "अगं बाई! क्रीनिस म्हणजे केस! मला हा शब्द कधी म्हणजे कधी आठवत नाही. राहू दे हां ते, पुसू नका." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजच ना तुमची परीक्षा?"

काकांनी टॉर्च तोंडातून काढला. "आजच. जहाजाचं काय?"

"तरंगतंय अजून. पण काही खरं नाही. तडा गेलेला तळ कुरकुरतोय आणि कप्तानाचं भाषण चाललंय."

"अजून भाषणच?"

"काका, महिना झाला. तुफान डोक्यावर, आणि हा माणूस आपल्या आजोबांबद्दल सांगतोय."

आता हे जहाज काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

वायसरकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. खरं नाव बहुधा ते स्वतःही विसरले असतील. कुठलाही नळ, कुठलाही पाइप, कुठलीही टाकी दाखवा, ते वाकून बघणार, कान लावणार, आणि म्हणणार, "वायसर गेलाय." एकदा त्यांच्या साडूचं गुडघ्याचं दुखणं निघालं तेव्हाही ते हेच म्हणाले होते. आणि मजा म्हणजे डॉक्टरचं निदानही साधारण तेच निघालं.

तर असे हे वायसरकाका गेल्या थंडीत वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाइप दुरुस्त करायला गेले. तिथे शनिवारी संध्याकाळी एक निवृत्त बाई चार जणांना घेऊन लॅटिन महाकाव्य वाचायच्या. चार जण म्हणजे एक आमची पार्लरवाली. एक जुने स्टेशनमास्तर, जे घरी सून टीव्ही मोठ्यानं लावते म्हणून येत. आणि औषधाच्या दुकानाचे मालक व त्यांची बायको. दुकानदारांना डॉक्टरनं मेंदूला व्यायाम द्यायला सांगितलं होतं, आणि वहिनी नवऱ्यावर नजर ठेवायला येत. सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे, वयानं मोठे स्टेशनमास्तरसुद्धा.

काका भिंतीशी उकिडवे बसून पाइप आवळत होते आणि मागे बाई अर्थ सांगत होत्या. काळाकुट्ट समुद्र. डोंगराएवढ्या लाटा. डोलकाठी मोडली. वल्ही वाहून गेली. जहाजावरचे लोक कुणी रडतायत, कुणी आयांना हाका मारतायत. आणि तेवढ्यात जहाजाच्या तळाला तडा—

"झालं का हो तुमचं?" बाईंनी विचारलं.

झालं होतं. गळती थांबली होती. काकांच्या हातांनी त्यांचा विश्वासघात केला होता.

"मग? बुडलं का?" काकांनी विचारलं.

"बसायचं असेल तर शब्द पाठ करून या," बाई म्हणाल्या. टेबलावर एक पत्र्याचा डबा होता, त्यात शब्दांच्या चिठ्ठ्या. लढाईचे शब्द, समुद्राचे, रागाचे, रडण्याचे. महाकाव्य वाचायला लागतात तेवढे सगळे. "या डब्यातले शब्द येतात तोच इथे बसतो. दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावून महाकाव्य वाचता येत नाही."

काकांना त्या रात्री झोप आली नाही. बायको म्हणाली, "अहो, त्या स्टेशनमास्तरांना विचारा की पुढच्या आठवड्यात!"

"ते झोपतात तिथे."

"मग पार्लरवालीला."

"ती मनाचं घालते. आणि दुसऱ्यानं चावलेला घास मी का खाऊ? तडा गेलाय गं तळाला. पाणी कुठून येतंय, किती येतंय, ते मला माझं कळायला पाहिजे."

मग शब्द पाठ करणं सुरू झालं. काकांनी चिठ्ठ्यांची नक्कल आणली, सकाळी घोकली, दुपारी विसरले. पहिल्या परीक्षेत बाईंनी विचारलं, "हास्ता?" काका म्हणाले, "जेवण." भाला होता तो. "मोर्स?" "होडी." मरण होतं ते. बाईंनी शांतपणे डबा बंद केला.

घरी येऊन ते पायरीवर बसले. बायको शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. ती मशीन न थांबवता म्हणाली, "गावातला प्रत्येक नळ तुम्हाला पाठ. कुणाच्या घरी कुठला कॉक उलटा फिरतो ते झोपेत सांगाल. माझा वाढदिवस मात्र लक्षात राहत नाही. लिहून ठेवा म्हणावं तो एखाद्या नळावर!"

ती टोमणा मारून मोकळी झाली. पण काका उठून उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून गावाच्या मोऱ्यांना महाकाव्याची बाधा झाली. गरम पाण्याच्या टाकीवर आलं ईरा, म्हणजे क्रोध. बेसिनच्या भोकापाशी गुर्गेस, म्हणजे भोवरा. पिचलेल्या पाइपावर वुल्नुस, जखम. काम तर रोजचंच होतं, वर एक शब्द जास्त. गिऱ्हाइकांना वाटायचं काहीतरी तांत्रिक खूण असेल. एका आजोबांनी तर शेजाऱ्यांना अभिमानानं दाखवलं, "आमच्या गिझरला ईरा लावून दिलाय. तुमच्याकडे आहे का?" शेजारी दुसऱ्याच दिवशी काकांकडे आले, आम्हालाही ईरा पाहिजे म्हणून.

बायकोचा वाढदिवसही लिहिला होता त्यांनी. घरच्या मुख्य कॉकवर. ती आठवडाभर पाणी बंद करायला गेली की हसायची आणि सांगायची नाही का ते.

तर परीक्षेच्या त्या संध्याकाळी वायसरकाका इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयाच्या मागच्या खोलीत पोचले. हात तीनदा धुतले होते तरी नखांत काळं होतंच. चौघे आधीच बसले होते. स्टेशनमास्तर आज जागे होते. परीक्षा बघायची म्हणजे त्यांना सर्कस.

"बघा," बाई म्हणाल्या, "आज तडा गेलेल्या तळाचं काय होतं ते येणार. त्यानंतर पुस्तक बंद, मग पुढच्या वर्षी नवं. आज चुकलात तर उठून जायचं."

"जातो," काका म्हणाले. पण खुर्चीला त्यांनी पाय असे गुंडाळले की पान्ह्यानंच सोडवावे लागले असते.

बाईंनी डब्यात हात घातला. "क्रीनिस."

काकांनी डोळे मिटले. "पार्लर. बेसिनखाली. वाक... बोळा... मांजर... केस!"

"मांजर कुठून आलं?"

"ते जाऊ द्या. केस."

"लाक्रिमा."

"स्टेशनमास्तरांची मोरी. बादलीवरचा नळ. टप, टप... अश्रू!"

"अजून गळतोय तो," स्टेशनमास्तर म्हणाले.

"येतो सोमवारी. वायसर गेलाय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्थ तेवढा सांगा. मोऱ्या नकोत."

"बाई, मोरीतून गेल्याशिवाय अर्थापर्यंत रस्ताच नाही मला."

"आंत्रुम."

काकांचे डोळे मिटलेले, हात हवेत दार उघडतायत. "तुमचंच घर, बाई. ओट्याखालचं कपाट. काळोख. वाकून आत जायचं. डावीकडे पाइप, उजवीकडे त्या प्रेमकथांची चवड, वरची दोन पुस्तकं भिजलेली, एकावर तो घोड्यावरचा उघडा मनुष्य... गुहा!"

पार्लरवालीनं बांगड्यांचा हात तोंडावर दाबला. बाईंचे कान लालबुंद झाले. "बरोबर," त्या म्हणाल्या. "आणि ती पुस्तकं माझ्या बहिणीची आहेत."

असे शब्द येत गेले आणि अख्ख्या गावाची न्हाणीघरं टेबलावर येत गेली. कुणाच्या बाथटबमध्ये पोती भरून जुनी वर्तमानपत्रं, कुणाच्या फ्लशच्या साखळीला बायकोची माळ. भाला आला, मरण आलं, क्रोध तर तीन गिझरवरून आला. शेवटी बाईंनी एक चिठ्ठी काढली. "हा आला की बसा. स्कूटुम."

काकांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. समोर औषधवाले बसले होते. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता. टेबलाखाली त्यांनी दोन्ही हात जोडले होते आणि मान अशी हलवत होते की जणू कानात पाणी गेलंय.

काकांनी मनातल्या मनात त्या घरात जायचा प्रयत्न केला. दार, फरशी, टाकी... नाही. तोंडानं न बोलता ते टाकीपर्यंत पोचायचे आणि तिथेच अडकायचे.

"येत नाही?" बाईंनी विचारलं. डब्याचं झाकण हातात घेतलं.

काकांना जहाज दिसलं. तळाला तडा. पाणी आत येतंय. आणि पुढच्या वर्षी नवं पुस्तक.

"एक सद्गृहस्थ," ते घाईघाईनं म्हणाले. "कुठले ते विचारू नका. त्यांचा संडास. फ्लशची टाकी. तिच्या मागे हात घातला की प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं सिगारेटचं पाकीट, चिकटपट्टीनं लावलेलं. मी म्हटलं, भाऊ, हे काय? ते म्हणाले, ही टाकी आहे म्हणून माझा जीव वाचतो. मग मी तिच्यावरच लिहिलं... आडोसा... वार अडवायचा... ढाल!"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "बसा."

वहिनी मात्र हळूच पुढे झुकल्या. "काका, हे सद्गृहस्थ औषधं विकतात का?"

"नाव तोंडातून जायचं नाही, वहिनी."

"फरशी निळी आहे का?"

"फरशी फार सुंदर आहे," काका म्हणाले. "तुमची निवडच तशी."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. औषधवाले पुस्तकात तोंड घालून बसले. पुस्तक उलटं होतं. "तीन वर्षं," वहिनी म्हणाल्या, "तीन वर्षं हा माणूस मला पोट साफ होत नाही म्हणून सांगतोय!"

"पुढे वाचू या का?" बाई म्हणाल्या. त्यांनाही कपाटावरून लक्ष दुसरीकडे न्यायचंच होतं.

मग ओळी सुरू झाल्या. सगळे पाळीपाळीनं ओढत होते. कप्तानाचं भाषण एकदाचं संपलं. स्टेशनमास्तरांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मग पाणी. मग काळोख. तडा रुंदावतोय. लोक फळ्या शोधतायत, फळ्या नाहीत. कप्तान खाली उतरतो, गुडघाभर पाण्यात. आणि मग तो काय करतो, तो आपला स्कूटुम—

"ढाल!" वहिनी कडाडल्या. "हा शब्द मी मेले तरी विसरायची नाही!"

—तो आपली ढाल काढतो, तड्यावर लावतो, तिला पाठ टेकतो आणि तिथे बसतो. रात्रभर. लाटा बाहेरून धडका देतात, तो आतून रेटतो. सकाळी वारा पडतो आणि किनारा दिसतो.

बाईंनी पुस्तक मिटलं. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे तरलं," पार्लरवाली हळूच म्हणाली.

"बरोबर बसला तो," काका म्हणाले. "पाणी बाहेरून आत दाबतं. नुसती ढाल लावून सोडली असती तर पहिल्याच धडकेत निघाली असती. पाठ लावून बसावंच लागतं. मी बसलोय तसा, शाळेची टाकी फुटली होती तेव्हा." त्यांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "वायसर नव्हता ना बिचाऱ्याकडे. एक चांगला वायसर असता तर रात्रभर झोपला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वारा सुटला होता. काका पायरीवर बूट घालत होते तेवढ्यात फोन आला. वहिनी होत्या.

"काका, लगेच या. टाकी फुटली."

"कशानं?"

"मी मागे हात घालून जरा ओढून बघितलं. जरा म्हणजे, दोन्ही हातांनी."

"मुख्य कॉक बंद करा."

"तो फिरतच नाही हो, गंजलाय! या तुम्ही."

काका पोचले तेव्हा निळ्या फरशीवर घोट्यापर्यंत पाणी होतं. टाकीला समोरून उभी चीर गेली होती. आणि त्या चिरेला पाठ टेकून, पायजमा भिजवत, औषधवाले बसले होते. तोंड कडू कारलं चावल्यासारखं. बाजूला टाकीवर तेलकट अक्षरं अजून तशीच होती.

"किती वेळ बसलाय, भाऊ?"

"ही म्हणाली, उठलात तर घराबाहेर."

वहिनी दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. "बसू देत. पिऊ देत आता तिथेच सिगारेट."

काका क्षणभर त्या भिजलेल्या माणसाकडे आदरानं बघत राहिले. मग पिशवी खाली ठेवली, बाही वर सारली आणि मुख्य कॉककडे वळले.

"अजून थोडा वेळ रेटून धरा, कप्तान," ते म्हणाले, आणि गंजलेल्या कॉकला पान्हा लावला.